आधी बघणं, मग सांगणं, मग खेळणं: घरच्यांना स्पर्धात्मक गेमिंगची गोडी लावताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत एखादा पोरगा किंवा पोरगी बीजीएमआय नाहीतर वेलोरंट हे बंदुकांचे ऑनलाइन खेळ मन लावून खेळते, आणि बाकीच्या घराला फक्त गोळ्यांचा आवाज ऐकू येतो. घरच्यांना यात सोबत घ्यावं असं वाटलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात कंट्रोलर देतात. गाडी तिथंच अडते. एका अंगठ्यानं चालायचं, दुसऱ्यानं मान वळवायची, ही सवय हाताला लागायला आठवडे जातात. तोवर अप्पा चार वेळा भिंतीला जाऊन धडकतात आणि उठून जातात, ते परत बसत नाहीत.

म्हणून इथं क्रम वेगळा ठेवला आहे. आधी खेळ बघायला शिकवायचा, मग एखादं काम सोपवायचं, त्यानंतर एकाच पडद्यासमोर शेजारी बसून खेळायचं. ऑनलाइन सगळ्यात शेवटी.

सुरुवातीच्या दोन शंका

पहिली शंका जुगाराची. घरातल्या मोठ्यांनी पैसे लावायच्या ॲपच्या जाहिराती वर्षानुवर्षं बघितल्या आहेत, त्यामुळं त्यांच्या लेखी सगळं एकच. त्यांना सरळ सांगा: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, वेगळी मान्यता दिली. निकालावर पैसा लावणं वेगळं आणि कौशल्याच्या स्पर्धेत बक्षीस जिंकणं वेगळं. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होतं, तेव्हा भुजच्या तीर्थ मेहतानं हार्थस्टोन या संगणकावरच्या पत्त्यांच्या खेळात कांस्य मिळवलं. पुढच्या हांगझो आशियाई खेळांत, म्हणजे २०२३ मध्ये, ई-स्पोर्ट्सला पूर्ण पदकं होती. एवढं सांगून थांबा. 'यात करिअर आहे' हा मुद्दा मात्र काढू नका. त्यातून वाद वाढतो आणि एकत्र खेळायचं बाजूला राहतं.

दुसरी शंका 'हा बंद झालेला खेळ ना?' ही. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. त्याचीच भारतापुरती आवृत्ती असलेला बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. परत येताना १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा घालूनच तो आला. ही मर्यादा आई-वडिलांना मुलाने स्वतःहून सांगावी. लपवलेली गोष्ट नंतर कळली की विश्वास तुटतो.

त्याच दिवशी खरेदीचं कुलूपही लावा. प्ले स्टोअरमध्ये आपल्या प्रोफाइलवर जाऊन सेटिंग्ज उघडा आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायचा पर्याय चालू करा. आईचा फोन खेळायला घेत असाल तर हे फार महत्त्वाचं, कारण यूपीआय त्याच फोनवर असतं. मुलांनी भलतीच खरेदी केली असं ऐकू येतं तिथं बहुतेक वेळा फोन कुणी फोडलेला नसतो, हा पर्याय बंद राहिलेला असतो.

पहिली पायरी: बघायला शिकवणं

बीजीएमआयचा सामना दाखवून सुरुवात करू नका. ८ बाय ८ किलोमीटरचा नकाशा, एका सामन्यात १६ संघ, कॅमेरा सारखा इकडून तिकडं उडतो. जाणत्यालाही माग ठेवणं अवघड जातं. सुरुवात मारामारीच्या खेळापासून करा: टेकन किंवा स्ट्रीट फायटर. आपल्याकडं कुस्तीचा फड बघून मोठा झालेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. समोरासमोर दोन गडी, वर दोघांच्या ताकदीच्या पट्ट्या, पट्टी संपली की डाव संपला. टेकनमध्ये तीन फेऱ्या जिंकणारा सामना जिंकतो.

पहिल्या बैठकीला दोनच गोष्टी दाखवा. एक म्हणजे इव्हो या मारामारीच्या खेळांच्या मोठ्या स्पर्धेतला २००४ चा दायगो उमेहारा विरुद्ध जस्टिन वाँग हा स्ट्रीट फायटरचा सामना. दायगोची ताकद संपत आलेली असते. समोरच्याचा मोठा हल्ला नुसता हातानं अडवला तरी थोडी इजा होते आणि तेवढ्यानंही तो हरणार असतो. त्यामुळं एकामागून एक येणारे १५ फटके तो अचूक क्षणी परतवतो आणि उलट वार करून डाव जिंकतो. व्हिडिओ लावण्याआधी 'नुसतं अडवलं तरी हरणार' एवढं एक वाक्य सांगून ठेवा, म्हणजे पुढं प्रेक्षक का ओरडतात हे आज्जीलाही कळतं. दुसरी गोष्ट लाहोरच्या अर्सलान ॲशची. २०१९ मध्ये त्यानं टेकनमध्ये इव्हो जपान आणि अमेरिकेतली मुख्य इव्हो अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या. आपल्यासारख्याच गल्लीबोळांच्या शहरातून येऊन जपानी आणि कोरियन खेळाडूंना हरवलं, हे ऐकलं की मामालोक सरसावून बसतात.

एका वेळी वीस मिनिटं पुरे. बोलायचं कमी आणि फेरी संपल्यावर. खेळ चालू असताना तुम्ही प्रत्येक बटणाचं नाव सांगत बसलात की बघणाऱ्याचा रस जातो. 'आता कोण वरचढ वाटतोय?' एवढाच प्रश्न विचारा. उत्तर चुकलं तरी चालेल. माणूस अंदाज बांधायला लागला की खेळ त्याचा होतो.

दुसरी पायरी: काम सोपवणं

कंट्रोलर न धरताही खेळात भाग घेता येतो. हे बहुतेक घरांत कुणी करून बघत नाही, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त फळ इथंच मिळतं.

हिशोबात पक्क्या माणसाला वेलोरंटमधल्या खेळातल्या पैशाचा हिशोब द्या. पाच विरुद्ध पाच, आधी १३ फेऱ्या जिंकेल तो संघ विजयी. पहिल्या फेरीला प्रत्येकाकडं ८०० क्रेडिट. जिंकलेल्या फेरीचे ३०००, हरलेल्या फेरीचे १९००, लागोपाठ दुसऱ्यांदा हरलं तर २४००, तिसऱ्यांदा २९००. शत्रू टिपला की वर २००. वँडल ही मोठी बंदूक २९०० ला आणि जाड चिलखत १००० ला, म्हणजे पूर्ण तयारी ३९००. आता पहिली फेरी हरलात. हातात १९०० आहेत. त्यातून दुसऱ्या फेरीला अर्धवट सामान घेतलं तर ती फेरीही जायची शक्यता मोठी, आणि तिसऱ्या फेरीलाही हात रिकामे. तेच दुसऱ्या फेरीला काहीच न घेता हरलात तर १९०० आणि २४०० मिळून ४३०० होतात. पूर्ण तयारी करून वर ४०० उरतात. महिन्याचा किराणा आणि भिशीचा हप्ता सांभाळणाऱ्या आईला किंवा वहिनीला हे गणित एका बैठकीत समजतं. पाठीमागं बसून 'या वेळी घेऊ नको' असं त्या सांगायला लागतात आणि बहुतेक वेळा बरोबर असतात. एका कागदावर फेरी, निकाल आणि शिल्लक असे तीन रकाने आखून द्या.

बीजीएमआयच्या स्पर्धा बघणाऱ्या घरात गुणतक्त्याचं काम असतं. पहिल्या क्रमांकाला १० गुण, मग ६, ५, ४, ३, २, सातव्या-आठव्याला प्रत्येकी १, आणि टिपलेल्या प्रत्येक खेळाडूमागं १ गुण. शाळेत जाणारं पोर आणि त्याचे आजोबा मिळून वहीत हा तक्ता चालवू शकतात. एखादा संघ शेवटपर्यंत न टिकताही वरच्या जागी कसा राहतो, हे तक्ता लिहिणाऱ्यालाच पहिल्यांदा कळतं.

तिसरं काम कान आणि डोळा देण्याचं. तुम्ही समोर बघत असता तेव्हा शेजारच्या माणसानं फक्त छोटा नकाशा बघायचा आणि लाल खूण दिसली की दिशा सांगायची. शब्द आधी ठरवून घ्या: डावं, उजवं, मागं, वर, खाली. प्रत्येकी एकच शब्द. आपल्या भागात घरात मराठी, गल्लीत कानडी आणि सर्व्हरवर हिंदी असते, आणि गडबडीत तिन्ही मिसळतात. कानडीत 'मेले' म्हणजे वर. मराठी कानाला ते 'सगळे गेले' असं ऐकू येतं आणि माणूस बंदूक खाली करतो. शेजारचा दोस्त कानडीतून सांगणार असेल तर 'वर' या एका शब्दावर सगळ्यांनी यायचं.

तिसरी पायरी: एका पडद्यावर

यासाठी लागतं ते इतकं: लॅपटॉप, सोप्यातला टीव्ही, एचडीएमआय केबल आणि दोन कंट्रोलर. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायचं असेल तर केबल ३ ते ५ मीटरची घ्या. दीड मीटरची घेतली की लॅपटॉप टीव्हीखाली आणि कंट्रोलरची वायर हवेत ताणलेली, असं होतं.

जोडणी केल्यावर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा आणि 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा. दोन्हीकडं एकच चित्र ठेवलं तर लॅपटॉपच्या पडद्याचं माप टीव्हीवर लादलं जातं आणि चित्र धूसर येतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी मध्ये वेळ घेतो. गेम मोड ती प्रक्रिया बंद करतो. हे राहून गेलं तर बटण दाबल्यावर गाडी उशिरा वळते आणि नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर 'जस्ट स्कॅन' किंवा 'फुल' असा पर्याय शोधा. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर आवाजाच्या चिन्हावर जाऊन टीव्ही निवडा.

कंट्रोलर घेताना मागं किंवा खाली एक्स आणि डी अशी खटकी आहे का बघा. विंडोजवर ती एक्सवर ठेवायची. डीवर राहिली की बरेच खेळ कंट्रोलर ओळखत नाहीत आणि नवा माल बिघडलेला समजून लोक परत करायला जातात. शक्यतो दोन्ही कंट्रोलर वायरचे घ्या. दोन्ही ब्लूटूथवर चालवले तर साध्या लॅपटॉपवर मध्येच तुटतात, निदान एक तरी यूएसबीवर ठेवा. कंट्रोलरची काडी (अंगठ्यानं फिरवायचा दांडा) हात न लावता एका बाजूला सरकत असेल तर खेळाच्या सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे काडीची बारीक हालचाल न मोजण्याची हद्द, ०.१० ते ०.१५ करून बघा. पुढच्या वेळी हॉल इफेक्ट, म्हणजे चुंबकावर चालणाऱ्या, काडीचा कंट्रोलर घ्या. साध्या काडीत घासणारा भाग झिजतो, यात तो घासतच नाही.

पहिला खेळ रॉकेट लीग. फुकट आहे, रक्त नाही, आणि नियम एका ओळीचे: गाडीनं चेंडू गोलात घालायचा. एका पडद्यावर चार जण बसू शकतात. पायऱ्या अशा:

१. पहिला कंट्रोलर लावून खेळ उघडा. मुख्य पानावर आल्यावर दुसऱ्या कंट्रोलरचं स्टार्ट बटण दाबा. पडदा विभागून येतो.

२. 'एक्झिबिशन' निवडा. इथं इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांशी गाठ पडत नाही आणि खेळ मध्येच थांबवता येतो.

३. तुम्ही आणि घरचा माणूस एकाच संघात, समोर सगळ्यात सोप्या पातळीचे संगणकी गडी. एकमेकांविरुद्ध पहिल्या दिवशी नको.

४. म्युटेटरमध्ये (खेळाचे नियम बदलायचे पर्याय) चेंडू मोठा आणि त्याचा वेग कमी करा.

५. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये कॅमेरा शेक (पडदा हादरणं) बंद आणि फील्ड ऑफ व्ह्यू (किती रुंद दिसतं ते) १०० ते ११०. नाहीतर काहींना मळमळतं. टीव्हीपासून सहा-सात फूट लांब बसवा.

६. पहिली दहा मिनिटं फक्त दोन बोटं: उजवा ट्रिगर पुढं जायला, डावी काडी वळायला. उडी आणि बूस्ट (जादा वेग) दुसऱ्या दिवशी.

सगळ्यात जास्त गोंधळ चेंडूकडं बघणाऱ्या कॅमेऱ्याचा होतो. वरचं वाय किंवा त्रिकोण बटण चुकून दाबलं जातं आणि चेंडू दिसेनासा होतो. 'चेंडू हरवला की वरचं बटण' एवढं पाठ करून घ्या. सामना ५ मिनिटांचा, पण गोलांनंतर घड्याळ थांबत असल्यानं प्रत्यक्षात सहा ते आठ मिनिटं जातात. वेळ संपली तरी चेंडू जमिनीला टेकेपर्यंत खेळ चालू राहतो. ते शेवटचे दोन-तीन सेकंद स्वयंपाकघरातल्या माणसालाही बाहेर आणतात.

नंतर एकमेकांविरुद्ध खेळायची वेळ आली की मुद्दाम हरू नका. माणसाला ते कळतं आणि अपमान वाटतो. उघडपणे सवलत द्या. स्ट्रीट फायटर ६ मध्ये नवख्याला 'मॉडर्न' नियंत्रण द्या. एका बटणात खास डाव बसतो, पण त्याचा मार सुमारे २० टक्के कमी होतो, त्यामुळं तुमच्यावरही अन्याय नाही. फुटबॉलच्या खेळात त्यांना पाच ताऱ्यांचा संघ, तुम्हाला तीनचा. ते सलग तीन सामने जिंकले की एक तारा काढून घ्यायचा, हे आधीच बोलून ठेवा.

गणपतीत पुणे, कोल्हापूर, गोव्याहून घर भरतं तेव्हा बाद फेरीची स्पर्धा घेऊ नका. पहिल्या सामन्यात हरलेला दिवसभर मोबाइल बघत बसतो. साखळी घ्या: सहा जणांचे १५ सामने, मारामारीच्या खेळात चार मिनिटांच्या हिशोबानं एक तास. आठ जण झाले की २८ सामने होतात आणि आरतीची वेळ गाठत नाही. मग चार-चारचे दोन गट पाडा, एकूण १२ सामने आणि अंतिम सामना.

वेळ: भांडणाचं खरं मूळ

'ताट वाढलंय, काय करालास रे अजून?' आणि 'दोनच मिनिटं', हे भांडण घरच्यांच्या नावडीतून होत नाही. ऑनलाइन सामना थांबवता येत नाही, ही गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नसते. वेलोरंटमध्ये बाकीची नऊ माणसं अडकलेली असतात, आणि मधूनच उठलात तर खेळ तुमचे गुण कापतो, पुढचे सामनेही काही काळ बंद करतो.

उपाय खेळणाऱ्यानंच करायचा. वेलोरंटचा पूर्ण सामना ३५ ते ४५ मिनिटं, कधी त्याहून जास्त. बीजीएमआयचा पूर्ण सामना साधारण अर्धा तास. वेलोरंटचा स्विफ्टप्ले हा छोटा प्रकार १५ मिनिटं. जेवण नऊला असेल तर आठ वाजून दहा मिनिटांनंतर मोठा सामना सुरू करायचा नाही, साडेआठनंतर फक्त स्विफ्टप्ले. हे आकडे कागदावर लिहून फ्रीजवर लावा. घरच्यांना 'कधी संपेल' याऐवजी 'शेवटचा कधी सुरू केलास' असं विचारायला सांगा. या प्रश्नाला खरं उत्तर असतं. एसएसएलसी (दहावी) किंवा पीयूसीच्या (अकरावी-बारावी) वर्षी मोठे सामने शनिवार-रविवारपुरते ठेवा, बाकी दिवशी रॉकेट लीगचे दोन.

चौथी पायरी: ऑनलाइन, वेगवेगळ्या गावांतून

बेळगावातला तुम्ही आणि पुण्यातली आत्तेबहीण एकत्र खेळणार असाल तर दोघांनी वेलोरंटमध्ये मुंबई सर्व्हर निवडा. वेगापेक्षा स्थिरता महत्त्वाची. खेळ चालू असताना डेटा फार जात नाही, पण पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) सारखी उडत असेल तर शंभर एमबीपीएसचाही उपयोग नाही. जमेल तिथं राउटरपासून लॅन केबल ओढा. जुन्या दगडी घरांत ५ गिगाहर्ट्झचा वायफाय एका जाड भिंतीपलीकडं पोचत नाही. पलीकडच्या खोलीत २.४ वर जोडा किंवा राउटर सोप्यात आणा. मोबाइलचं नेट वापरत असाल तर हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेथरिंग करा, ते कमी तुटतं.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-जांबोटीकडं, हेस्कॉमची लाईट जाणार हे धरूनच चाला. राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. विकत घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर किती लिहिलेत ते वाचा. फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर दोन्हींना यूपीएस लागतो. बरेच जण फक्त राउटरला लावतात आणि वायफाय दिसतंय पण नेट नाही म्हणून तक्रार करत बसतात.

आवाजाची सोय अशी: अनोळखी लोकांचं बोलणं बंद, फक्त आपल्या गटाचं चालू. बीजीएमआयमध्ये माईक आणि स्पीकर दोन्ही 'टीम'वर. गटात एखादी जागा अनोळखी माणसानं भरली तर त्याला वेगळं म्यूट करा, कारण टीममध्ये तोही ऐकू येतो. स्पीकरवर अनोळखी पोरांच्या शिव्या घरभर गेल्या की मागच्या तीन पायऱ्यांची मेहनत एका मिनिटात जाते. ब्लूटूथ इअरफोन टाळा, पावलांचा आवाज उशिरा येतो. दोघांनी एकाच फोनवर ऐकायचं असेल तर ३.५ मिलिमीटरचा इंग्रजी वाय आकाराचा जोड घ्या, पण दुकानदाराला 'दोन इअरफोनचा' असं स्पष्ट सांगा. तसाच दिसणारा दुसरा जोड माईक आणि आवाज वेगळे करतो आणि त्यात दुसऱ्याला काहीच ऐकू येत नाही.

प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा. तुमच्या खात्यावर मामा खेळले की त्यांना तुमच्या पातळीचे खेळाडू भेटतात आणि ते पहिल्या मिनिटात बाद होतात. शिवाय बऱ्याच खेळांच्या नियमांत खातं दुसऱ्याला देणं बसत नाही. नवीन खात्यानं पहिले काही दिवस क्रमवारीचे सामने खेळूच नका. साध्या सामन्यांत चौघं घरचे एकत्र, नकाशा बघणारा आधीपासून नकाशाच बघेल, हिशोब ठेवणारी हिशोबच ठेवेल, आणि बंदूक चालवायचं काम ज्याचा हात बसलाय त्याच्याकडं.